विषाचा मुक्काम

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास इलाख्यात सर्पदंशावरील एका औषधाचा एवढा लौकिक झाला होता की, देशी उपचारांकडे सहसा तुच्छतेने पाहणाऱ्या कंपनी सरकारच्या डॉक्टरांनाही त्याची गंभीरपणे दखल घेणे भाग पडले. हे औषध म्हणजे ‘तंजावरची गोळी’. सोमल, पारा, काळी मिरी, जमालगोट्याच्या बिया आणि काही जहाल मुळ्या एकत्र खलून ती वळीत असत, आणि नाग चावो, घोणस चावो की मण्यार चावो, गोळी एकच असे. कावेरीच्या मुखाकडील ज्या सुपीक मुलखात भाताची खाचरे, त्या भातावर जगणारे उंदीर, त्या उंदरांवर जगणारे साप आणि त्या सर्वांच्या मधून अनवाणी वावरणारा शेतकरी यांचा संसार एकाच बांधावर चालतो, त्या मुलखात अशा औषधाची मातबरी वाढावी यात नवल नव्हते.

या गोळीची परीक्षा ज्याने घेतली त्या गृहस्थाचे नाव आज एका सापालाच चिकटलेले आहे. पॅट्रिक रसेल हा एडिंबरोचा डॉक्टर कंपनीच्या नोकरीत १७८५ साली मद्रास इलाख्याचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेमला गेला, आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास करताना, कोणता साप विषारी आणि कोणता निर्विष हे रयतेला ओळखता यावे, या एका हेतूने त्याने सापांची चित्रे काढविली, त्यांचे खवले मोजले, आणि कोंबड्या व कुत्रे यांच्यावर विषाचे प्रयोगही केले. १७९६ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तंजावरच्या गोळीचीही चर्चा आहे. परंतु ही गोळी म्हणजे सर्पविषावरील खात्रीचा उतारा होय, असे मानण्यास त्याला आधार सापडला नाही. मग गोळीची कीर्ती कशावर उभी होती? साप चावला म्हणजे प्रत्येक वेळी त्याने विष ओतलेच असते असे नाही. कित्येक दंश कोरडे असतात, कित्येक निर्विष सापांचे असतात, आणि अशा दंशातून जो माणूस कोणत्याही औषधावाचून उठून बसला असता तो गोळी घेऊन उठला, की श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होते. जे दगावतात ते साक्ष द्यायला येत नाहीत.

गोळी करणाऱ्यांना लबाड ठरविण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या उपचारातील खरी उणीव निराळी होती, आणि ती त्या काळच्या युरोपीय वैद्यकातही तितकीच होती. विष शरीरात शिरल्यावर मुक्काम कोठे करते, कोणत्या ठिकाणी बसून आपला अंमल गाजवते, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, किंबहुना तो विचारण्याची साधनेच कोणाच्या हाती नव्हती. विष म्हणजे रक्तात भिनणारी एक सर्वव्यापी दुष्ट शक्ती आणि औषध म्हणजे तिला हुसकून लावणारी तितकीच जहाल दुसरी शक्ती, ही कल्पना एकदा मान्य केली की सोमल आणि पारा यांची योजना अगदी तर्कशुद्ध ठरते. वास्तविक विषाइतकी नेमकेपणाने वागणारी वस्तू निसर्गात क्वचितच सापडेल.

रसेलचा ग्रंथ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १७९८ मध्ये, तंजावरच्या मराठी गादीवर दुसरे सरफोजीराजे बसले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला आणि राजाकडे किल्ल्यापुरती सत्ता व नेमणूक तेवढी उरली. परंतु या कोंडलेल्या अवस्थेत त्यांनी जे काही केले ते पाहिले म्हणजे राज्य गमावलेल्या दुसऱ्या कोणत्याही मराठी संस्थानिकाविषयी वाटणार नाही असा आदर या पुरुषाविषयी वाटू लागतो. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला हे सर्वश्रुत आहे. पण त्याच राजाने धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवून तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व पद्धतींच्या वैद्यांना एकत्र बसविले, शरीररचनेच्या अभ्यासासाठी मानवी सांगाड्याची हस्तिदंती प्रतिकृती करविली, आणि पारखून घेतलेले योग तमिळ पद्यांत ग्रथित करवून ठेवले, ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने आजही छापील स्वरूपात मिळतात. १८२६ साली त्यांना भेटलेल्या बिशप हेबरला हा हिंदू राजा लाव्हाझिए आणि लिनियस यांची मते सहज उद्धृत करताना पाहून विस्मय वाटला होता.

या सर्व कर्तबगारीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तंजावरच्या दफ्तरात राहिलेली नेत्ररोग्यांची कागदपत्रे. रोग्याचे नाव, वय, तक्रार, उपचार आणि त्या उपचाराचा परिणाम, अशी रीतसर नोंद, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे. रोग नेमका कोणत्या पडद्यात आहे, हे पाहून, लिहून, चितारून ठेवण्याची ही शिस्त विषवैद्यकाला लाभली असती तर काय झाले असते, असा विचार मनात येतो खरा. परंतु डोळ्यातील पडदा उघड्या डोळ्यांना दिसतो, आणि विषाचा मुक्काम ज्या ठिकाणी असतो ते ठिकाण उत्तम सूक्ष्मदर्शकाखालीही धड दिसत नाही, एवढे लहान आहे. तेथवर पोहोचायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे लागली.

ते ठिकाण म्हणजे मज्जातंतूचे टोक. मेंदूतील एक मज्जापेशी दुसरीला, किंवा मज्जातंतू स्नायूला जो निरोप देतो, तो तंतूतून विद्युत्स्पंदाच्या रूपाने धावत येतो हे खरे, पण टोकाशी पोहोचल्यावर त्याला पुढे जमीनच नसते. दोन पेशींच्या मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. त्या संधिस्थानाला सिनॅप्स म्हणतात. ही फट बहुतेक ठिकाणी वीज ओलांडीत नाही, रसायन ओलांडते. टोकाच्या आत मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या हिश्शाएवढ्या व्यासाच्या असंख्य पुटिका सज्ज असतात, प्रत्येक पुटिकेत चेतापारेषक रसायनाचे काही हजार रेणू भरलेले असतात, आणि विद्युत्स्पंद आला की त्यांतील काही पुटिका टोकाच्या पटलाशी एकरूप होऊन आपला ऐवज फटीत रिता करतात. स्नायूंच्या बाबतीत हे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असते. मेंदूत ग्लुटामेट, डोपामिन, सेरोटोनिन अशी कितीतरी असतात. आपले प्रत्येक पाऊल, प्रत्येक श्वास, प्रत्येक आठवण आणि प्रत्येक वेदना या रित्या होणाऱ्या पुटिकांवर अवलंबून आहे.

विजेचे हे रसायनात रूपांतर घडविणारा मध्यस्थ कोण? तो म्हणजे कॅल्शियम, ज्याला आपण एरवी हाडांचा आणि चुन्याचा धातू म्हणून ओळखतो. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगरला असे आढळून आले की, बेडकाचे काढलेले हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात धडधडत राहते आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात थांबते. नळाच्या पाण्यातील चुना हेच त्याचे कारण होते. १८९४ मध्ये लॉक या संशोधकाने दाखविले की कॅल्शियम काढून घेतले की मज्जातंतू शाबूत असूनही त्याचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. आणि अखेर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा होऊन लंडनला आलेल्या बर्नार्ड कॅट्झ यांनी, मेक्सिकोच्या रिकार्डो मिलेदी यांच्या साहाय्याने, १९६० च्या दशकात ही गोष्ट सिद्ध केली की स्पंद टोकाशी पोहोचताच क्षणार्धात कॅल्शियम आत शिरते, आणि ते आत शिरले तरच रसायन बाहेर पडते. कॅट्झ यांना १९७० चा नोबेल पुरस्कार मिळाला.

तंजावरच्या वाचकाला हे समजावून सांगायचे तर मी कावेरीवरील कल्लणैकडे बोट दाखवीन. चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्राचीन बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेले असते आणि खाली कालव्यात ते कमी असते. दार उचलण्याला फारसे बळ लागत नाही, पण एकदा उचलले की पाणी आपल्याच ओढीने धावते आणि मैलोगणती शेते भिजवते. मज्जातंतूच्या टोकाबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. टोकाच्या पटलात प्रथिनांनी बनलेल्या कॅल्शियम वाहिन्या बसविलेल्या असतात, त्या एरवी बंद असतात, आणि विद्युत्स्पंदाने पटलावरील विद्युत्दाब बदलला की सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या अवधीत उघडून मिटतात. आत आलेले कॅल्शियम पुटिकेवरील सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला जाऊन बिलगते आणि पुटिका फुटते. हा शेवटचा दुवा उलगडणाऱ्या टोमास सुडहॉफ यांना २०१३ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

या व्यवस्थेत एक विलक्षण गणित आहे आणि विषाचे सारे सामर्थ्य त्या गणितात आहे. १९६७ साली डॉज आणि रहामिमोफ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर मोजून दाखविले की बाहेर पडणारे रसायन कॅल्शियमच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात कमीजास्त होते. म्हणजे कॅल्शियम निम्मे झाले तर रसायन निम्मे होत नाही, जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येते. आणि कॅल्शियम दुप्पट झाले तर रसायनाचा पूर लोटतो. ज्या प्राण्याला अत्यल्प विषात मोठे भक्ष्य जागच्या जागी लोळवायचे आहे त्याने हल्ला कोठे करावा, याचे उत्तर या एका सूत्रात आहे. आणि कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत कोळी, विंचू, साप व समुद्री गोगलगायी यांनी स्वतंत्रपणे ते उत्तर शोधून काढले.

यांतील सर्वांत सूक्ष्म कारागिरी गोगलगायींची आहे. शंकूच्या आकाराचे, चित्रविचित्र नक्षीचे जे शंख रामेश्वर-तुतिकोरीनच्या बाजारात शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात, त्यांत एके काळी कोनस जातीचा एक मंदगती मांसाहारी जीव राहत असे. त्याच्या तोंडातून भाल्यासारखा पोकळ दात सुटतो आणि मासा पळण्याआधीच लुळा पडतो. मनिला येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत यूटा विद्यापीठात काम करणारे बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांनी १९७० च्या सुमारास या विषाचा अभ्यास आरंभिला तो काहीसा नाइलाजाने, कारण फिलिपिन्समध्ये परतल्यावर डीएनएच्या संशोधनाला लागणारी उपकरणे तेथे नव्हती आणि शंख मात्र विपुल होते. पुढे यूटातील त्यांच्या एका तरुण विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगळे करून ते उंदराच्या पोटात टोचण्याऐवजी थेट मेंदूत टोचून पाहिले. एका घटकाने उंदीर झोपी गेला, दुसऱ्याने तो पळू लागला, तिसऱ्याने तो थरथरू लागला. जे विष एकच वाटत होते ते शेकडो निरनिराळ्या द्रव्यांचे मिश्रण होते, आणि प्रत्येक द्रव्याचा मुक्काम मेंदूत वेगळ्या ठिकाणी होता.

थरथर उत्पन्न करणारा घटक म्हणजे ओमेगा-कोनोटॉक्सिन. सत्तावीस अमिनो आम्लांची ही चिमुकली साखळी कॅल्शियम वाहिनीच्या तोंडाशी जाऊन बसते आणि मार्ग बंद करते. विद्युत्स्पंद येतो, पण कॅल्शियम आत जात नाही आणि पुटिका भरलेल्याच राहतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ती सर्व कॅल्शियम वाहिन्यांना हात लावीत नाही. शास्त्रज्ञांनी या वाहिन्यांचे एल, एन, पी, क्यू, आर, टी असे प्रकार पाडले आहेत, आणि ते पाडता आले यात विषांचा वाटा फार मोठा आहे. कोनोटॉक्सिन एन प्रकार बंद करते. अमेरिकेतील एका फनेल-वेब कोळ्याचे अ‍ॅगाटॉक्सिन पी आणि क्यू प्रकार बंद करते. आफ्रिकेतील काळ्या मांबा सापातील कॅल्सिसेप्टिन हृदय व रक्तवाहिन्यांतील एल प्रकारावर बसते. ओमेगा-कोनोटॉक्सिनने बेडकाचा स्नायू मज्जातंतूची आज्ञा ऐकेनासा होतो, पण उंदराचा स्नायू तितक्याच विषात निर्वेध आकुंचन पावतो. आणि या एका विसंगतीवरून कळून आले की बेडूक ज्या कामासाठी एन प्रकार वापरतो त्याच कामासाठी सस्तन प्राणी पी-क्यू प्रकार वापरतात. मेंदूतील बहुतेक जलद निरोपांमागे पी-क्यू आणि एन हे दोन प्रकार आहेत, एकाच टोकावर दोन्ही मिळून काम करतात, आणि कोणाचा हिस्सा किती हे एकेक विष क्रमाने टाकून मोजता येते. एवढी सूक्ष्म वाटणी कोणत्याही शस्त्राने करता आली नसती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. साप किंवा विंचू चावल्यावर त्याचे विष मेंदूत जाते अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती बहुतांशी खरी नाही. मेंदू आणि रक्त यांच्या मध्ये पेशींची एक घट्ट तटबंदी आहे आणि विषातील प्रथिने व पेप्टाइडे सहसा ती ओलांडू शकत नाहीत. दंशाचे परिणाम घडतात ते तटाबाहेरच्या मज्जातंतूंवर, म्हणजे डोळ्यांच्या पापण्या, घसा, श्वसनाचे स्नायू आणि हृदय यांच्याकडे जाणाऱ्या तंतूंवर. मेंदूतील पुटिकांवर विष काय करते हे प्रयोगशाळेत, तटबंदी बुद्धिपुरस्सर चुकवून, शोधून काढलेले ज्ञान आहे. रोगी अखेरपर्यंत शुद्धीवर असून त्याला बोलता येत नाही आणि पापणी उचलता येत नाही, ही मण्यारदंशातील जी भयंकर अवस्था नातेवाइकांना बेशुद्धीसारखी भासते, तिचे स्पष्टीकरण यात आहे. त्या माणसाला सर्व ऐकू येत असते. त्याच्या अंथरुणापाशी बसून निराशेच्या गोष्टी बोलू नयेत.

मण्यारीला तमिळमध्ये कट्टुविरियन म्हणतात. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते, आणि दंश इतका सौम्य असतो की कित्येकांना जागही येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, आणि सकाळपर्यंत श्वास अडखळतो. नागाच्या दंशातही पापण्या मिटतात व श्वास थांबतो, परंतु दोघांच्या विषाचा मुक्काम फटीच्या दोन विरुद्ध काठांवर आहे. नागाचे विष पलीकडच्या काठावर, स्नायूवरील ग्राहकांवर बसते; रसायन येते, पण त्याला स्वीकारणारे कोणी नसते. मण्यारीच्या विषात हा घटक आहेच, पण त्याच्या जोडीला बंगारोटॉक्सिनाचा बीटा प्रकारही आहे, जो तैवानच्या चँग आणि ली यांनी १९६३ साली तिकडच्या मण्यारीच्या विषातून वेगळा केला. तो अलीकडच्या काठावर, टोकाच्या आतच शिरकाव करतो. तेथील पोटॅशियमच्या वाहिन्यांना तो चिकटतो, पटलाचा भेद करतो, बाहेरचे कॅल्शियम बेबंद आत येते, पुटिका एकदम रित्या होतात, आणि अखेरीस टोकच नष्ट होते.

आता तंजावरच्या गोळीकडे पुन्हा पाहावे. फटीत रसायन अधिक काळ टिकविणारे निओस्टिग्मिन हे औषध नागदंशाच्या रोग्याला पुष्कळदा चमत्कार वाटावा असा गुण देते, आणि तेच औषध मण्यारीच्या दंशात बहुधा व्यर्थ जाते, कारण जेथे रसायन बाहेरच पडत नाही तेथे ते टिकविणार काय? घोणसीचे विष तर रक्त गोठण्याच्या क्रियेवर घाला घालते. तिचा प्रांतच निराळा. अशा तीन सापांना एक गोळी पुरी पडणे अशक्य होते, मग तिच्यात सोमल असो की अमृत असो. आज सरकारी रुग्णालयांत दिला जाणारा प्रतिविषाचा डोस मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालतो, कारण तो चौघांची विषे घोड्याला टोचून तयार केलेल्या प्रतिपिंडांचा आहे. आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यत्वे मद्रासजवळच्या इरुळ समाजाच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते, ज्यांच्या पूर्वजांना साप पकडण्यापलीकडे कोणी काही मान दिला नव्हता. परंतु हे प्रतिविषही रक्तात फिरणाऱ्या विषालाच पकडते. जे टोकाच्या आत मुक्कामाला पोहोचले त्याला ते परत आणू शकत नाही. म्हणूनच दंशानंतर आवळपट्ट्या बांधण्यात, जखमेला छेद देण्यात किंवा मांत्रिकाच्या दारात घालविलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो, आणि उशीर झालेल्या मण्यारदंशात नवी टोके फुटेपर्यंत दिवसचे दिवस कृत्रिम श्वासावर काढावे लागतात. त्या यंत्राचीच खरी गरज असते, आणि ते तालुक्याच्या गावी नसावे यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

दार बंद करण्याच्या याच गुणातून एक औषधही जन्माला आले. ओलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिन्टॉश या विद्यार्थ्याने कोनस मेगस या शंखातून पंचवीस अमिनो आम्लांचे दुसरे ओमेगा-कोनोटॉक्सिन वेगळे केले. शरीरातून येणारी वेदनेची वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत ज्या ठिकाणी एका तंतूकडून दुसऱ्याकडे सोपविली जाते, तेथे एन प्रकारच्या वाहिन्या दाट असतात. त्या बंद केल्या तर वार्ता वर जाणार नाही. मॉर्फिनही काही अंशी हेच करते, पण वळसा घालून. त्यामुळे शरीर त्याला सरावते आणि मात्रा वाढवीत जावी लागते. शंखाचे विष थेट वाहिनीवर बसते, म्हणून तसा सराव होत नाही. प्रयोगशाळेत हुबेहूब घडविलेले हे विष झिकोनोटाइड या नावाने अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये मान्य झाले, आणि कर्करोगासारख्या व्याधींत जेथे मॉर्फिनने हात टेकले तेथे ते दिले जाते. त्याची किंमतही रोग्याला मोजावी लागते. मेंदूची तटबंदी ओलांडता येत नसल्याने ते कातडीखाली बसविलेल्या पंपातून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने सोडावे लागते, आणि मात्रा किंचित चढली की चक्कर, गोंधळ, प्रसंगी भास होतात. कारण त्याच एन वाहिन्या मेंदूतही आहेत आणि तेथेही पुटिका रित्या होण्याचे थांबते. आपल्याकडे बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा संस्था येथील पी. बलराम, के. एस. कृष्णन प्रभृतींनी तमिळ किनाऱ्यावरील कोनस अमादिससारख्या शंखांची विषे तपासली, त्यांपैकी एक सोडियमच्या वाहिन्यांवर काम करते असे निघाले. पण या किनाऱ्याच्या मानाने हे काम अद्याप थोडेच आहे, आणि ते वाढावे असे मनापासून वाटते.

विंचवाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती कावेरीच्या मुलखाला कोकणाशी जोडते. ज्या १७९८ साली सरफोजीराजे गादीवर आले त्याच साली डेन्मार्कच्या राज्यात जन्मलेल्या फाब्रिसियसने भारतातील एका तांबड्या विंचवाला शास्त्रीय नाव दिले ते ‘टॅम्युलस’, तमिळ देशावरून. हाच विंचू रायगड, रत्नागिरीच्या जांभ्या दगडांखाली, गवताच्या भाऱ्यांत आणि पायताणांत राहतो. त्याच्या विषातील काही घटक सोडियमच्या वाहिन्या मिटू देत नाहीत; आणि १९९० साली वेगळा केलेला आयबेरिओटॉक्सिन हा घटक, कॅल्शियम वाढताच उघडून टोकाला शांत करणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या बंद करतो. म्हणजे स्पंद सुरू राहतो, त्याला थोपविणारा पहारा उठतो, आणि कॅल्शियमचे दार उघडे ते उघडेच राहते. शंखाने जे रोखले ते विंचवाने मोकाट सोडले. आधी अ‍ॅसिटिलकोलीनचा लोंढा, त्यामुळे ओकाऱ्या, घामाच्या धारा व लाळ. आणि त्यामागून अ‍ॅड्रिनलिनवर्गीय रसायनांचा पूर, त्यामुळे हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, हृदय थकलेले आणि फुफ्फुसे पाण्याने भरलेली.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या तरुण डॉक्टर हिम्मतराव बावस्करांना याच अवस्थेत लहान मुले मरताना पाहावी लागली. पुस्तकांत याविषयी फारसे काही नव्हते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे पहिले निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्या नोंदींतून त्यांना दिसले की मृत्यूचे कारण विषापेक्षा, विषाने सोडवलेला रसायनांचा पूर हे आहे. तेव्हा जेथे तो पूर रक्तवाहिन्यांवर जाऊन आदळतो ते ग्राहक झाकले पाहिजेत. रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी नेमके तेच करते. १९८६ मध्ये त्यांनी तिचे परिणाम ‘लॅन्सेट’मध्येच मांडले, आणि ज्या दंशात शंभरांतील तीस-चाळीस गंभीर रोगी दगावत तेथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. तंजावरच्या गोळीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी विषावर खरोखर चालणारी एक गोळी मराठी मुलखातील एका खेड्यात सापडली, आणि ती सापडली ती नोंदींतून.

तरीही प्राझोसिन पुराच्या खालच्या टोकाला काम करते; वर मज्जातंतूच्या टोकाशी बसलेले विष तसेच राहते आणि पुटिका रित्या करीतच राहते. म्हणून पुढे विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर बावस्कर पतिपत्नींनी महाडला सत्तर रोग्यांवर रीतसर तुलना केली: पस्तिसांना केवळ प्राझोसिन, आणि पस्तिसांना प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांप्रमाणे दहा तासांच्या आत पूर्णपणे बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात आठ होती आणि दुसऱ्या गटात बत्तीस.